वीस-वीस मिनिटांची गाणी करणारे बँड पॉप चार्टवर कसे पोचले?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मागे इथे रॉकवर गप्पा चालल्या असताना एक मत दोघा-तिघांनी ठामपणे मांडलं होतं: प्रोग्रेसिव्ह रॉक चार्टसाठी नव्हतंच, आणि ज्या दिवशी ते चार्टवर आलं त्या दिवशी ते प्रोग्रेसिव्ह राहिलं नव्हतं. तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं. विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी हा प्रकार ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही मुलांनी रॉकमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची बांधणी, जॅझची मोकळीक आणि विषम मात्रांचे ठेके आणले. गाणी लांबली, कधी एलपीची पूर्ण बाजू एकाच रचनेने भरली. येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, किंग क्रिम्झन, इमर्सन लेक अँड पामर ही त्यातली मोठी नावं.

आता चार्टबद्दल, म्हणजे लोकप्रियतेच्या क्रमवारीबद्दल. चार्ट दोन असतात, अल्बमचा आणि सिंगलचा, आणि वाद घालताना ते नेहमी एकत्र कालवले जातात. अल्बमच्या चार्टवर या मंडळींचं राज्यच होतं. इमर्सन लेक अँड पामरचा 'टार्कस' १९७१ साली ब्रिटनमध्ये पहिला आला. त्याची अख्खी पहिली बाजू म्हणजे एकच रचना. जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे दोन्ही बाजूंवर मिळून एकच गाणं, आणि १९७२ साली तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी त्यांनी तसाच 'अ पॅशन प्ले' काढला, तोही अमेरिकेत पहिला. येसच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'मध्ये चार बाजूंवर मिळून चारच रचना आहेत, आणि ब्रिटनमध्ये तोही अव्वल. त्यामुळे 'लोकांना हे झेपत नव्हतं' हा मुद्दा मुळातच टिकत नाही.

खरी गंमत सिंगलच्या चार्टवर आहे. तिथे सात इंची तबकडी लागते, तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं लागतं आणि शेजारी डिस्को, सोल, बबलगम असे सगळे उभे असतात. तरीही ही यादी बघा:

येसचं 'राउंडअबाउट', अमेरिका, १९७२: क्रमांक १३.
पिंक फ्लॉइडचं 'मनी', अमेरिका, १९७३: क्रमांक १३.
पीटर गॅब्रिएलचं (जेनेसिसचा माजी गायक) 'सॉल्सबरी हिल', ब्रिटन, १९७७: क्रमांक १३.
रशचं 'द स्पिरिट ऑफ रेडिओ', ब्रिटन, १९८०: क्रमांक १३.

चारही तेराव्या क्रमांकावरच थांबावीत हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. पहिल्या दहाच्या जरासं बाहेर! आणि दहाच्या आत गेलेलीही भरपूर आहेत. जेथ्रो टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट' पाच मात्रांचं. १९६९ साली ब्रिटनमध्ये तिसरं. फोकस या डच बँडचं 'होकस पोकस' म्हणजे सुसाट गिटारच्या मध्ये योडेलिंग, शब्द नाहीतच. १९७३ साली अमेरिकेत नववं. मूडी ब्लूजचं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' १९६७ साली आलं तेव्हा ब्रिटनमध्ये १९व्या क्रमांकावर अडकलं, आणि १९७२ साली पुन्हा काढलं तेव्हा अमेरिकेत थेट दुसरं.

माझं म्हणणं एवढंच, की ही गाणी चार्टवर गेली ती प्रोगपण (प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) सोडून नव्हे. बऱ्याचदा ती प्रोगपणासकटच गेली. वाट कुणी काढून दिली, कात्री कुणी चालवली, रेडिओने काय केलं, यावर बोलू या. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडा.

---

शेवंती

धागा आवडला. मला यातलं फारसं कळत नाही, म्हणून बाळबोध प्रश्न विचारते. 'राउंडअबाउट' मी आत्ता शोधून ऐकलं तर ते साडेआठ मिनिटांचं निघालं. रेडिओवर एवढं लांब गाणं वाजवायचे? आणि कापलं असेल तर बँडने कापू कसं दिलं?

---

दूरदेशी

@शेवंती, बाळबोध अजिबात नाही, सगळ्या धाग्याची किल्ली या प्रश्नात आहे.

दोन वेगवेगळे रेडिओ होते. एएमवर चाळीस गाण्यांची ठरलेली यादी दिवसभर फिरायची, तिथे तीन मिनिटांच्या पुढे कुणी ऐकून घेत नसे. एफएमचा आवाज कितीतरी स्वच्छ, पण बरीच एफएम केंद्रं एएमवरचाच कार्यक्रम जसाच्या तसा लावत. साठच्या दशकात अमेरिकी सरकारच्या दूरसंचार आयोगाने नियम केला, की मोठ्या शहरांतल्या अशा केंद्रांनी बराचसा वेळ स्वतःचा वेगळा कार्यक्रम द्यायला हवा. आता एवढा वेळ भरायचा कशाने? तरुण निवेदकांच्या हातात एलपी आल्या आणि त्यांनी पूर्ण बाजू लावायला सुरुवात केली. 'राउंडअबाउट' साडेआठ मिनिटांचं वाजलं ते या एफएमवर. कॉलेजच्या वसतिगृहांत ते पोचलं, अल्बम खपला. एएमसाठी कंपनीने ते कापून साधारण साडेतीन मिनिटांचं सिंगल काढलं. म्हणजे एकच गाणं दोन रूपांत लोकांपर्यंत पोचलं, पूर्ण आणि कापलेलं.

ब्रिटनमध्ये असं नव्हतं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून समुद्रातल्या बोटींवरची विनापरवाना ('पायरेट') रेडिओ केंद्रं बेकायदा ठरवली, सप्टेंबरअखेर बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं, आणि खाजगी व्यापारी रेडिओ यायला १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. त्यामुळे तिथे या बँडना हात दिला तो विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांनी. त्यांच्याकडे कार्यक्रमांसाठी पैसा होता, सभागृह होतं आणि खाली मांडी घालून ऐकणारी पोरं होती.

आणखी एक फरक. अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टमध्ये विक्रीबरोबर रेडिओवरचं वाजणंही धरत. ब्रिटनचा चार्ट तेव्हा निव्वळ दुकानातल्या विक्रीवर असायचा. एकच बँड दोन देशांत इतका वेगळा का दिसतो, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

---

मंद्रसप्तक

@दूरदेशी, फार नेमकं लिहिलंत. त्यात एक भर घालतो. पिंक फ्लॉइडने १९६८ च्या अखेरीपासून १९७९ पर्यंत ब्रिटनमध्ये एकही सिंगल काढलं नाही. म्हणजे 'मनी' अमेरिकेत तेरावं आलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात ते सिंगल म्हणून दुकानात मिळतच नव्हतं! 'द डार्क साइड ऑफ द मून' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत एकच आठवडा पहिला होता, पण तिथल्या अल्बम चार्टवर १९७३ ते १९८८ या काळात मिळून ७४१ आठवडे राहिला. एका आठवड्याचं शिखर आणि चौदा वर्षांहून जास्त मुक्काम.

---

तिहाई

मी तबला वाजवतो, म्हणून 'मनी'वर जरा सविस्तर लिहू द्या.

गाणं सुरू होतं ते नाण्यांच्या खणखणाटाने. तो आवाज नुसता गंमत म्हणून नाही, तोच ठेका आहे. रॉजर वॉटर्सने नाणी भांड्यात टाकल्याचा, कागद फाडल्याचा, गल्ल्याच्या यंत्राचा असे सात आवाज टेपवर घेतले. मग टेपचे तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि चिकटवून गोल केला. टेप ठरलेल्या वेगाने फिरते, म्हणजे सारखी लांबी म्हणजे सारखा वेळ. सात तुकडे, सात मात्रा. आज संगणकावर हे दोन मिनिटांत होतं. तेव्हा ब्लेड, चिकटपट्टी आणि मोजपट्टी घेऊन बसावं लागायचं. त्या फिरणाऱ्या टेपवर मग बेस येतो.

सात मात्रा म्हटल्यावर आपल्याला लगेच रूपक ताल आठवतो. पण ऐकून बघा, रूपकाची खरी ओळख म्हणजे समेवरच खाली. पहिली मात्रा भरत नाही, ती हवेत राहते. 'मनी'च्या बेसची पहिली मात्रा चांगली वजनदार पडते. त्यामुळे मात्रा सात असल्या तरी चाल रूपकाची नाही. सॅक्सोफोनचा भाग सातातच आहे, आणि गिटारचा एकल भाग सुरू होताच सगळे चारात उतरतात. तिथे अंगावर काटा येतो तो वेग वाढल्यामुळे नव्हे, ती अडखळ निघून गेल्यामुळे. मग पुन्हा सात.

एवढं सगळं असलेलं गाणं अमेरिकेत तेरावं येतं. @मंद्रसप्तक, 'प्रोगपणासकट' हा तुमचा शब्द इथे शंभर टक्के लागू आहे.

'सॉल्सबरी हिल'ही सातातच. पण त्यात प्रत्येक मात्रेवर सारखा, चालत गेल्यासारखा ठोका आहे, म्हणून सात आहेत हे कानाला टोचत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते लावतो आणि टाळी द्यायला सांगतो. चारात द्यायला जातात आणि दुसऱ्या आवर्तनालाच चुकतात.

---

गल्लीतला_ढोल

+१ तिहाई. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

---

कोपऱ्यातलं_टेबल

मागच्या धाग्यावर ते मत मांडणाऱ्यांत मी होतो, म्हणून मीच भांडतो.

तुम्ही दिलेली उदाहरणं बहुतेक १९६९ ते १९७३ ची आहेत. तो काळच वेगळा होता, काहीही चालायचं. पण खरं घवघवीत यश कधी मिळालं? ऐंशीच्या दशकात. एशिया बघा. किंग क्रिम्झनचा जॉन वेटन, येसचा स्टीव्ह हाउ, इमर्सन लेक अँड पामरचा कार्ल पामर आणि बगल्स आणि येस या दोन्ही बँडांतला जेफ डाउन्स. चौघं मिळून काय करू शकले असते! आणि केलं काय, तर चार-पाच मिनिटांची रेडिओजोगी गाणी. 'हीट ऑफ द मोमेंट' १९८२ साली अमेरिकेत चौथं, अल्बम नऊ आठवडे पहिला आणि त्या वर्षीचा बिलबोर्डचा सर्वात मोठा अल्बम. येसला अमेरिकेत पहिला क्रमांक मिळाला तो १९८४ च्या जानेवारीत, 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'ला. त्यात येसच्या जुन्या 'क्लोज टू द एज'मधलं काय उरलंय? जेनेसिसला पहिला क्रमांक १९८६ साली, 'इन्व्हिजिबल टच'ला.

म्हणजे तेराव्या क्रमांकापर्यंत प्रोग जाऊ शकतं, एकवर जायचं तर कपडे बदलावे लागतात. मला ही गाणी वाईट वाटतात असं नाही. पण जेनेसिसच्या जुन्या, लांबलचक 'सपर्स रेडी'वर जीव लावलेल्या माणसाला त्या काळात जे गमावल्यासारखं वाटलं, ते खोटं नव्हतं.

---

मंद्रसप्तक

@कोपऱ्यातलं_टेबल, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. एशियाच्या बाबतीतही माझ्याकडे बचाव नाही. चौघांची ताकद पाहता तो अल्बम मलाही तोकडा वाटतो.

पण जेनेसिसवर थांबू. १९८० चं 'टर्न इट ऑन अगेन' ब्रिटनमध्ये आठवं आलं. त्याचा मुख्य भाग तेरा मात्रांचा आहे. तेरा! लोक ते रेडिओवर गुणगुणत होते. 'इन्व्हिजिबल टच' अल्बममधून अमेरिकेत पाच सिंगल पहिल्या पाचांत गेली, ती सगळी सुटसुटीत होती असं आपण धरून चालतो. पण त्यातलं तिसऱ्या क्रमांकावर गेलेलं 'टुनाइट, टुनाइट, टुनाइट' अल्बमवर जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, मध्ये लांबलचक वाद्यांचा पट्टा आहे, आणि सिंगलसाठी ते कापून अर्धं केलं. म्हणजे येसच्या 'राउंडअबाउट'ला १९७२ साली जे केलं, तेच १९८७ साली. त्याच अल्बमवर 'डोमिनो' ही दहा मिनिटांवरची दोन भागांची रचना आहे आणि शेवटी 'द ब्राझिलियन' हे निव्वळ वाद्यांचं. लाखो लोकांनी पहिल्या गाण्यासाठी अल्बम घेतला आणि 'डोमिनो'ही घरी नेलं.

'ओनर'बद्दल. ट्रेव्हर रेबिनने ते गाणं येसमध्ये येण्याआधीच बांधलं होतं, आणि सुरुवातीला तो नवा बँड येस नव्हताच, त्याचं नाव सिनेमा होतं. येसचा मूळ गायक जॉन अँडरसन शेवटी शेवटी आला, त्याचा आवाज लागला आणि मग नाव येस झालं. तेव्हा 'येसने कपडे बदलले' असं म्हणण्यापेक्षा नव्या बँडने येसचं नाव घेतलं, असं म्हणणं जास्त बरोबर. आणि निर्माता ट्रेव्हर हॉर्नने त्यात मध्येच घुसवलेले ते वाद्यवृंदाचे तुटक फटके आठवा. १९८३ साली असं फार थोडे जण करत होते. पुढे सगळ्यांनी त्याची नक्कल केली. माझ्या लेखी नव्या यंत्राशी असं खेळणं हा प्रोगचाच स्वभाव आहे.

ब्रिटनमध्ये ते फक्त अठ्ठाविसावं आलं, हेही नोंदवून ठेवतो.

---

कोपऱ्यातलं_टेबल

'टर्न इट ऑन अगेन' मान्य. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. 'ओनर'वर तुमचं-माझं जमणार नाही, राहू दे.

१९८६ चा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. जुलैमध्ये 'इन्व्हिजिबल टच'ला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं ते पीटर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने. त्याच बँडचा माजी गायक. आणि त्याच वर्षी जेनेसिसचाच माजी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट आणि येसचा स्टीव्ह हाउ यांनी मिळून काढलेल्या जीटीआरचं सिंगल अमेरिकेत १४व्या क्रमांकावर गेलं. १९७३ साली ज्यांना कोल्ह्याचं मुंडकं आणि लाल झगा घालून गाणारा विक्षिप्त कंपू म्हणत, त्याच मंडळींनी त्या उन्हाळ्यात चार्ट व्यापला होता.

---

दूरदेशी

मला १९७७ बद्दल लिहायचं होतं. सगळीकडे वाचायला मिळतं, की पंक (छोट्या, आक्रमक गाण्यांचं रॉक) आलं आणि प्रोग संपलं. त्या वर्षीचा ब्रिटनचा सिंगल चार्ट काढून बघा. सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन' दुसऱ्या क्रमांकावर गेलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच उन्हाळ्यात इमर्सन लेक अँड पामरचं 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' हेसुद्धा दुसऱ्या क्रमांकावर होतं! शब्द नाहीत, एरन कोपलंड या अमेरिकी रचनाकाराच्या १९४२ च्या वाद्यवृंद-रचनेवर कीथ इमर्सनचा सिंथेसायझर. अल्बमवर साडेनऊ मिनिटांच्या वर. येसचं 'वंडरस स्टोरीज' सातवं, आणि त्यांचा 'गोइंग फॉर द वन' अल्बम पहिला. 'सॉल्सबरी हिल'चं वर येऊन गेलंच आहे. पुढच्या वर्षी जेनेसिसचं 'फॉलो यू फॉलो मी' सातवं.

पंकने काय संपवलं? तर संगीत साप्ताहिकांतली प्रतिष्ठा. समीक्षकांनी पाठ फिरवली, नवीन बँडना करार मिळेनासे झाले. हे नुकसान मोठंच होतं. पण दुकानात जाऊन पैसे टाकणाऱ्या माणसाने पाठ फिरवली नव्हती. समीक्षेचा इतिहास आणि खपाचा इतिहास वेगवेगळा लिहायला हवा, आणि आपण नेहमी पहिलाच वाचतो.

---

शेवंती

हे मला पूर्ण नवीन आहे. एकाच उन्हाळ्यात दोन्ही दुसऱ्या क्रमांकावर! घेणारी पोरंही कदाचित तीच असतील.

एक शंका: लांब गाणं कापून छोटं केलं, हे समजलं. छोटं गाणं वाढवून चार्टवर नेलंय असं कधी झालंय का?

---

रविवारसकाळ

@शेवंती, झालंय ना! आणि तेसुद्धा सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या बाबतीत.

पिंक फ्लॉइडच्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग मुळात एक कडवं आणि एक धृपद एवढाच होता, जेमतेम सव्वा मिनिटाचा. निर्माता बॉब एझ्रिनने बँडला डिस्कोचा सरळ ठोका वापरायला लावला, आणि हे सिंगल होऊ शकतं असं त्याला वाटलं. बँडला सिंगल करण्यात रस नव्हता. त्याने तेच कडवं टेपवर पुन्हा जोडलं. आता दुसऱ्या वेळी वेगळं काय? लंडनमध्ये त्यांच्या स्टुडिओजवळच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांकडून ते गाऊन घेतलं. मुलांचा तो कच्चा, वस्तीतला आवाज नसता तर हे गाणं निम्मंही झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

१९७९ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे सत्तरच्या दशकातलं तिथलं शेवटचं अव्वल गाणं पिंक फ्लॉइडचं! १९८० च्या मार्चमध्ये अमेरिकेतही पहिलं, चार आठवडे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार टाकणाऱ्या मुलांनी ते उचललं, आणि १९८० साली तिथल्या सरकारने बंदी घातली. मुलांना मात्र त्या वेळी पैसे मिळाले नाहीत, ते शाळेला गेले. हक्काचे पैसे मिळवण्यासाठी त्यांना मोठेपणी, पंचवीसेक वर्षांनी, खटपट करावी लागली. एवढ्या खपलेल्या गाण्याच्या बाबतीत हे मला आजही खटकतं.

२००७ च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता, बीकेसीच्या मैदानावर. मी गर्दीत बरीच मागे उभी होते. या गाण्याला आजूबाजूचे सगळे गात होते. माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी होती, दोघांनाही सगळे शब्द पाठ.

---

फिरस्ता_पुणेकर

मुंबईचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आमच्या पिढीला पुण्यात हे संगीत चार्टमधून कळलंच नाही. बिलबोर्डवर काय चाललंय ते आम्हाला कसं कळणार? कुणाचा तरी भाऊ बाहेरून एलपी आणायचा, त्यावरून कॅसेट भरायची, त्या कॅसेटवरून दुसरी. वसतिगृहात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. एका बाजूला ४५ मिनिटं मावायची म्हणून पूर्ण अल्बम एका बाजूला बसवायचा, उरलेल्या जागेत दुसऱ्या कुणाची दोन गाणी.

याचा परिणाम असा झाला, की कुठलं गाणं 'हिट' आणि कुठलं नुसतं अल्बममधलं, हा भेद आमच्या मनात तयारच झाला नाही. 'मनी' आणि 'टाइम' आणि 'एकोज' एकाच मापाची. 'राउंडअबाउट'चं साडेतीन मिनिटांचं रूप अस्तित्वात आहे हे मला या धाग्यावर कळतंय. कापलेलं आम्ही ऐकलंच नाही. म्हणून 'चार्टवर गेल्याने बिघडलं' हा वाद आमच्याकडे तिकडूनच, मासिकांतून आला असावा. आमच्या कानांचा तो अनुभव नव्हता.

---

मंद्रसप्तक

@फिरस्ता_पुणेकर, हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. अगदी खरं आहे.

---

तिहाई

शेवंतींच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर: मॅरिलियन. १९८५ साली, म्हणजे प्रोगला सगळ्यांनी श्रद्धांजली वाहून झाल्यावर, या बँडने 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' काढला. गाणी एकमेकांत मिसळत जातात, बाजू संपेपर्यंत खंड नाही. त्यातून 'केली' वेगळं काढलं, ते ब्रिटनमध्ये दुसरं आलं. पहिल्या क्रमांकावर तेव्हा ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानातल्या आगीच्या पीडितांसाठी अनेक कलाकारांनी मिळून गायलेलं गाणं होतं, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. अल्बम पहिला आला. ब्रिटनमध्ये मुलींची नावं 'केली' ठेवण्याची लाट आली ती त्या गाण्यावरून.

त्यानंतरचं सिंगल 'लॅव्हेंडर'. अल्बमवर ते अडीच मिनिटांचंसुद्धा नाही, मोठ्या रचनेतला एक दुवा म्हणून येतं आणि पुढच्यात विरघळतं. सिंगल करायचं तर ते वाढवावं लागलं, साडेतीन मिनिटांच्या वर नेलं. पाचव्या क्रमांकावर गेलं. वरचं 'अनदर ब्रिक' सोडलं तर प्रोग बँडचं गाणं रेडिओला फार छोटं पडतंय, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

---

गल्लीतला_ढोल

रशला फक्त एका ओळीत उरकलंत, म्हणून तक्रार! 'न्यू वर्ल्ड मॅन' १९८२ साली अमेरिकेत २१वं आलं, आणि तिथे पहिल्या चाळीसांत गेलेलं त्यांचं ते एकमेव गाणं. एवढा मोठा बँड, इतके अल्बम, आणि चार्टवर एकच. तेही कसं झालं? 'सिग्नल्स' अल्बममध्ये जवळजवळ चार मिनिटांची जागा उरत होती. कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या व्हायला हव्यात म्हणून ती भरायची होती, आणि तेवढ्या मापाचं गाणं त्यांनी झटपट बांधून टाकलं. हिट करायचं म्हणून बसले असते तर झालं असतं असं वाटत नाही. कॅनडात, त्यांच्या घरच्या मैदानावर, ते पहिलं आलं.

कान्सस या अमेरिकी बँडचं 'डस्ट इन द विंड' पण असंच. केरी लिव्हग्रेन गिटारवर बोटांचा रियाज करत होता, बायकोने ऐकलं आणि म्हणाली, याचं गाणं कर. बँडच्या बाकीच्या भरजरी कामाशी त्याचा काही संबंध नाही, दोन गिटार आणि व्हायोलिन. १९७८, अमेरिकेत सहावं.

---

दूरदेशी

आणि माइक ओल्डफिल्डला विसरू नका. 'ट्युब्युलर बेल्स' हा मे १९७३ मध्ये आलेला व्हर्जिन कंपनीचा पहिला अल्बम. दोन बाजू, दोन भाग, जवळजवळ सगळी वाद्यं विशीच्या आतल्या एका मुलाने एकट्याने वाजवलेली. 'द एक्झॉर्सिस्ट' चित्रपटात त्याच्या सुरुवातीचा तुकडा वापरला, आणि १९७४ साली त्याचं सिंगल अमेरिकेत सातवं आलं. तो सुरुवातीचा तुकडाही विषम मात्रांचाच आहे, @तिहाई, तुम्ही मोजून सांगा. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी त्याचा दुसरा अल्बम 'हर्गेस्ट रिज' पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याला खाली खेचलं ते त्याच्याच 'ट्युब्युलर बेल्स'ने, प्रसिद्ध होऊन सव्वा वर्ष उलटून गेल्यावर!

इटलीवर खरं तर वेगळा धागा हवा. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या ब्रिटिश बँडचा 'पॉन हार्ट्स' ब्रिटनमध्ये कुणी विचारला नाही आणि इटलीत १९७२ साली पहिला आला. त्यात एका बाजूला वीस मिनिटांवरची एकच रचना आहे, तीही अतिशय कर्कश आणि अंधारी.

---

तिहाई

@दूरदेशी, मोजलं. 'ट्युब्युलर बेल्स'ची सुरुवात सात आणि आठ अशी आलटून-पालटून जाते, मिळून पंधरा. म्हणून ती सरगम कितीही वेळा फिरली तरी घरी आल्यासारखी वाटत नाही, आणि भयपटाला नेमकं तेच हवं होतं.

---

कोपऱ्यातलं_टेबल

इटलीचा धागा मी काढतो. 'पॉन हार्ट्स'पासून सुरू करून प्रेमियाटा फोर्नेरिया मार्कोनी या इटालियन बँडपर्यंत. शनिवारपर्यंत लिहून होईल. @दूरदेशी, तुम्ही रेडिओबद्दल जसं लिहिलंत तसं तिथल्या मैफलींबद्दल लिहाल का? आणि @शेवंती, तोवर 'इन्व्हिजिबल टच' नको, आधी जेनेसिसचाच 'फॉक्सट्रॉट' ऐका. दुसरी बाजू.